रोजकीर्दीपासून जर्नलपर्यंत : सेवानोंदींच्या जतनाचा ऐतिहासिक विचार (विशेष संदर्भ : आंबागड)

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगेत आंबागडाचा किल्ला उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा अंमलदार राजाखान पठाण याने तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला आणि किल्ल्याचा उपयोग बंदिखाना म्हणून होऊ लागला. कैद्यांना गडावरील विहिरीचे दूषित पाणी प्यावयास लावीत व त्यानेच ते मरत, अशी परंपरा इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांनी नमूद केली आहे.

ही नोंद दोन-चार ओळींची आहे. किती कैदी, कोणत्या सालचे, कोणत्या अपराधाबद्दल, याचा उलगडा तीतून होत नाही. वास्तविक बंदिखाना ही अखंड चालणारी सेवा असते. पहारे बदलतात, शिधा येतो, कैदी दाखल होतो, मरतो किंवा सुटतो. या नित्याच्या घडामोडींची तारीखवार टिपणे हाती नसली की त्यांची जागा दंतकथा घेते. आंबागडाच्या बाबतीत तेच घडले आहे.

आज महाविद्यालयाचे प्रवेश, परीक्षा आणि ग्रंथालय यांच्या सेवा संगणकावर चालतात आणि प्रत्येक सेवा आपली नोंद क्षणाक्षणाला लिहीत असते. लिनक्स प्रणालीत या नोंदी हाताळण्याचे कमांड लाइनवरील साधन म्हणजे ‘जर्नलसीटीएल’. प्रस्तुत निबंधात या साधनाचा विचार तंत्रज्ञाच्या नव्हे, तर दफ्तरांच्या अभ्यासकाच्या दृष्टीने करावयाचा आहे.

रोजकीर्द, घडणी आणि खतावणी

मराठेशाहीच्या फडावर त्या त्या दिवसाचा जमाखर्च, सनदा व हुकूम रोजकीर्दीत तारखेच्या क्रमाने लिहिले जात. परंतु केवळ कालक्रमाने लिहिलेली वही कारभाराला पुरत नाही. अमुक महालाचे काय झाले, हे पाहण्यासाठी वर्षभराची कीर्द चाळणे अशक्यच. म्हणून तीतील कलमांची बाबवार घडणी केली जाई, पुढे खतावणी व ताळेबंद तयार होत. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी खंडशः प्रसिद्ध झाले. त्या रोजनिशीचे मोल न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्येच विशद केले होते. पुढे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. राजकारणाच्या पलीकडचा, सामान्य माणसाच्या तक्रारींचा व वेठबिगारीचा इतिहास आपल्याला दिसतो तो बहुतांशी या किरकोळ वाटणाऱ्या कलमांमुळे.

संगणकातील व्यवस्था हीच आहे, हे पाहून दफ्तराच्या अभ्यासकाला नवल वाटू नये. १९८० च्या दशकात बर्कले येथे एरिक ऑलमन यांनी ‘सिसलॉग’ ही पद्धत निर्माण केली. तीत प्रत्येक नोंद साध्या मजकुराच्या फाइलीत ओळीमागून ओळ लिहिली जाई. ती निव्वळ कीर्द होती. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये लेनार्ट पॉटरिंग व के सिव्हर्स यांनी ‘सिस्टिमडी’च्या अंतर्गत ‘जर्नल’ची कल्पना जाहीर केली. तीत नोंद लिहिली जातानाच तिला सेवेचे नाव, प्रक्रियेचा क्रमांक, वापरकर्ता अशी खाती जोडली जातात व सूचीही तयार होते. त्यामुळे ‘जर्नलसीटीएल’ला ‘यू’ हे पर्यायाक्षर देऊन एकाच सेवेचे नाव सांगितले की तिचे खाते समोर येते. ‘सिन्स’ने तारीख, ‘पी’ने तातडीची पातळी आणि ‘बी’ने यंत्र सुरू झाल्यापासूनचा भाग निवडता येतो. कारकुनांनी महिनोन्महिने केलेली घडणी येथे क्षणात होते, आणि शोधाच्या बाबतीत हे साधन निःसंशय सरस आहे.

सत्यतेचा प्रश्नही दोन्हीकडे सारखाच उद्भवतो. मराठी पत्राच्या शेवटी मोर्तब उठवीत, ते मजकुरात मागाहून भर पडू नये म्हणून. दफ्तरी नोंद झाल्याची खूण ‘बार’ या शेऱ्याने होई. जर्नलमध्ये काही रकाने सेवेच्या हाती नसतातच. त्यांच्या नावाआधी अधोरेषा असते व ते जर्नल स्वतः भरते, म्हणजे सेवेला आपली ओळख लपविता येत नाही. २०१२ मध्ये जुन्या नोंदींत मागाहून केलेला फेरफार उघड करणारी मोहोरबंदीही त्यात आली. मात्र ती आपोआप लागू होत नाही. त्यासाठी किल्ली तयार करून तिचा पडताळणीचा भाग दुसरीकडे जपून ठेवावा लागतो.

लिपीचा प्रश्न

सिसलॉगची फाइल कोणत्याही साधनाने वाचता येते. जर्नल द्विमान स्वरूपात असल्याने त्याला स्वतःचा वाचक लागतो. या मुद्द्यावर लिनक्सच्या वर्तुळात बराच वाद झाला. मोडी कागद हाताळणाऱ्यांना हा वाद परका वाटणार नाही. मोडी ही जलद लेखनाची उत्तम सोय होती. वाचणारे कमी झाले तेव्हा तीच सोय अडसर ठरली. जर्नलची रचना प्रसिद्ध असल्याने आज भीतीचे कारण नाही. तथापि दीर्घकाळ ठेवावयाचा भाग ‘आउटपुट’च्या पर्यायाने साध्या मजकुरात किंवा जेसन स्वरूपात उतरवून घेणे हे बाळबोधीत नक्कल करण्यासारखेच शहाणपणाचे आहे.

नष्टीकरणाचा अधिकार कोणाचा?

खरा पेच पुढे आहे. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण रूढ आहे. ‘अ’ वर्गाचे कागद कायम, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, ‘ड’ वर्गाचे एक वर्ष. मुदत संपल्यावर यादी करून, अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन कागद नष्ट करावयाचे असतात. सार्वजनिक अभिलेखांसाठी महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियमही आहे. हे सारे नेहमी काटेकोर पाळले जाते असे कोणी म्हणणार नाही. पण निदान प्रश्न योग्य विचारलेला आहे : हा कागद पुढे किती काळ लागेल?

जर्नलचा प्रश्न निराळा आहे. नोंदींच्या आठ पातळ्या, शून्य ते सात, या तातडीच्या पातळ्या आहेत, मोलाच्या नव्हेत. आणि जतन ठरते जागेवरून. वेगळी सूचना नसेल तर जर्नल डिस्कच्या एक दशांशापर्यंत, आणि कमाल चार गिगाबाइटपर्यंत वाढते. त्यानंतर सर्वांत जुन्या फाइली गळू लागतात. ‘व्हॅक्यूम’च्या आज्ञेने आकार किंवा कालावधी ठरवून ही छाटणी हाताने करता येते. नियोजित निर्देशिका अस्तित्वात नसेल, तर जुन्या आवृत्त्यांच्या मूळ मांडणीनुसार नोंदी केवळ तात्पुरत्या स्मृतीत राहतात आणि यंत्र पुन्हा सुरू होताच नाहीशा होतात. भरउन्हाळ्यात दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावी याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

एखाद्या गडबडलेल्या सेवेने एका रात्रीत लाखो निरर्थक ओळी लिहिल्या, तर त्यांच्या भाराने प्रवेशप्रक्रियेच्या शांतपणे लिहिलेल्या नोंदी बाहेर फेकल्या जाऊ शकतात. प्रत्येक सेवेच्या नोंदींच्या वेगावर मर्यादा घालण्याची सोय आहे. पण ती संकट सौम्य करते, निवड करीत नाही. ज्या विद्यार्थ्याचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या तासात पोहोचला की नाही असा वाद पुढे उपस्थित होईल, त्याची नोंद ‘माहिती’ या सामान्य पातळीवरची असते. आंबागडावर दाखल झालेल्या कैद्याची नोंद कोणी लिहिली असती, तर तीही त्याच पातळीची ठरली असती.

कायद्याने एक किमान रेषा आखली आहे. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्थांनी आपल्या संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस भारतातच जतन करावयाच्या आहेत. हा कालावधी गुन्ह्याच्या तपासाच्या सोयीचा आहे. संस्थेच्या इतिहासाचा त्यात विचार नाही. उलटपक्षी सर्व काही कायम ठेवावे असेही म्हणता येत नाही. या नोंदींत विद्यार्थ्यांची ओळख, त्यांचे संगणक-पत्ते, कधी भ्रमणध्वनी क्रमांकही येतात, आणि वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या अधिनियमाचा रोख गरज संपल्यावर अशी माहिती पुसण्याकडे आहे. म्हणजे निवड टळत नाही, आणि ती यंत्राच्या मूळ मांडणीवर सोपविणे योग्य नव्हे.

जुन्या फडाची रीत येथे उपयोगी पडते. महिनाअखेरीस कीर्दीची घडणी होई, त्याप्रमाणे दरमहा प्रवेश, परीक्षा व ग्रंथालय या तीन सेवांच्या नोंदी ‘जर्नलसीटीएल’ने वेगळ्या काढाव्यात, मजकूर-स्वरूपात उतरवाव्यात, अनावश्यक वैयक्तिक तपशील गाळावा आणि वर्ग ठरवून त्या अभिलेख कक्षात द्याव्यात, छाटणीची आज्ञा त्यानंतर चालवावी. वर्ग ठरविण्याचे काम संगणक कक्षाच्या कर्मचाऱ्याकडे एकट्याने नसावे. त्या बैठकीत ग्रंथपाल, कुलसचिव किंवा प्रबंधक आणि इतिहास विभागातील एक अध्यापक असावा, आणि कोणत्या महिन्याचे काय नष्ट केले याची यादी कागदावर सहीनिशी राहावी.