घर्षणाचे नियम आणि थांबण्याचे अंतर : एका विलंबाचा इतिहास

धावते वाहन ब्रेक लावल्यानंतर किती अंतरावर थांबेल, हा आज पाठ्यपुस्तकातील एका साध्या उदाहरणाचा विषय झाला आहे. वेगाच्या वर्गाला घर्षणगुणांक व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागले की उत्तर हाती येते. या गणिताचे दोन्ही आधार अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणातच ज्ञात होते. असे असूनही धावत्या गाडीवर ब्रेकच्या घर्षणाचे पद्धतशीर मापन होऊन त्याचा उलगडा होण्यास १८७८ साल उजाडावे लागले. हा दीडशे वर्षांचा विलंब का झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात कर्तव्य आहे.

प्रथम ते दोन आधार पाहू. घर्षणाविषयीची नियमवजा विधाने लिओनार्दो दा विंचीच्या टिपणवह्यांत आढळतात. परंतु त्या वह्या त्याच्या हयातीत प्रसिद्ध न झाल्यामुळे पुढील परंपरेवर त्यांचा परिणाम घडला नाही. १६९९ मध्ये गीयोम आमोंतों याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे दोन गोष्टी मांडल्या : घर्षण हे भाराच्या प्रमाणात असते, आणि ते स्पर्शक्षेत्राच्या विस्तारावर अवलंबून नसते. यातील दुसरे विधान तत्कालीन विद्वानांना इतके चमत्कारिक वाटले की द ला हीर याने स्वतंत्र प्रयोग करून त्याची खातरजमा केली. दुसरा आधार वेगाच्या वर्गाचा. १७२२ च्या सुमारास हॉलंडमध्ये विलेम 'स खावसांड याने मऊ चिकणमातीवर पितळी गोळे टाकून दाखविले की, वेग दुप्पट झाला म्हणजे मातीतील खळगा चौपट होतो.

हे दोन आधार एकत्र आणण्याची निकड मात्र कोणास भासली नाही. कारण घोड्याच्या गाडीचा वेगच बेताचा होता. तीव्र उतारावर चाकाखाली लोखंडी पट्टी घालून ते फिरेनासे करीत, आणि गाडी घसटत सावकाश उतरे. चाक जखडले की गाडी आवरते, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा होता, आणि मंद वेगाच्या मर्यादेत तो खोटाही नव्हता.

या अनुभवास शास्त्राचा पाठिंबा मिळाला तो शार्ल कुलोम याच्यामुळे. रोशफोर येथील नौदलाच्या गोदीत केलेल्या प्रयोगांवर आधारलेल्या त्याच्या निबंधास १७८१ मध्ये अकादमीचे पारितोषिक लाभले. सरकत्या पदार्थाचे घर्षण वेगावर जवळजवळ अवलंबून नसते, हा नियम त्याच्या नावाने रूढ झाला. १८३० नंतर मेत्स येथे आर्तूर मोरें याने विस्तृत प्रयोग करून त्यास दुजोरा दिला. वस्तुतः कुलोमने स्वतः काही पदार्थांच्या बाबतीत अपवाद नोंदविले होते. परंतु ग्रंथांतून नियम पुढे गेला आणि अपवाद मागे राहिले. ज्या वेगांवर हे प्रयोग झाले, ते पुढील काळातील आगगाडीच्या वेगाच्या मानाने फारच अल्प होते, ही गोष्टही हळूहळू विस्मृतीत गेली.

आगगाडीने ही मर्यादा उघडी पाडली. १८७५ मध्ये इंग्लंडात नेवार्क येथे निरनिराळ्या ब्रेकांची तुलनात्मक परीक्षा झाली. परंतु एक ब्रेक दुसऱ्याहून सरस का, याचा उलगडा तीतून झाला नाही. तो १८७८ मध्ये कॅप्टन डग्लस गाल्टन याने जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या सहकार्याने ब्रायटन मार्गावर केलेल्या प्रयोगांनी झाला. ब्रेकचा दाब, चाकावरील ओढ व गाडीचा वेग यांची नोंद स्वयंलेखी यंत्रांनी घेतली जात होती. निष्कर्ष अनपेक्षित होता. ओतीव लोखंडाचा ठोकळा व चाकाची पोलादी धाव यांमधील घर्षणगुणांक गाडी थांबण्याच्या बेतात असताना सुमारे ०.३३, तर ताशी ६० मैल वेगास सुमारे ०.०७ इतकाच भरला.

येथे एका संज्ञेने केलेला घोटाळा लक्षात घेणे अवश्य आहे. ब्रेक लावलेल्या गाडीत 'घर्षण' दोन ठिकाणी असते : ठोकळा व चाक यांमध्ये, आणि चाक व रूळ यांमध्ये. चाक फिरत असते तोवर त्याचा रुळाला टेकलेला बिंदु क्षणमात्र स्थिर असतो, म्हणून तेथे स्थितिक घर्षणाची पकड मिळते. चाक जखडले की ते रुळावर घसरू लागते व ती पकड सुटते. गाल्टनच्या प्रयोगांत जखडलेल्या चाकाचा रोध फिरत्या चाकाच्या रोधाहून पुष्कळच कमी आढळला. वेग उतरत जातो तसे ठोकळ्याचे घर्षण वाढते. म्हणून आरंभी जो दाब योग्य, तोच शेवटी चाक जखडून टाकतो. यास्तव वेग कमी होईल तसा दाबही कमी करीत गेले पाहिजे. 'ब्रेक जितका करकचून, तितकी गाडी लवकर थांबेल', ही समजूत येथे निराधार ठरली.

तथापि ज्ञान झाले म्हणजे व्यवस्था बदलतेच असे नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा येथे मुलाबाळांनी भरलेली सहलीची गाडी चढणीवर अडली. पुढचा भाग आधी नेण्यासाठी ती तोडण्यात आली. तिचा निर्वात ब्रेक स्वयंचलित नसल्यामुळे जोड सुटताच मागच्या दहा डब्यांवरून तो नाहीसा झाला. उरला शेवटच्या डब्यातील हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड. आमोंतोंचा नियम येथे निष्ठुरपणे लागू पडतो : ओढ दहा डब्यांच्या भाराची, आणि रोध एका डब्याच्या भाराच्या प्रमाणात. पुढचा भाग किंचित मागे सरकला, त्या धक्क्याने डबे उताराला लागले व मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसे मृत्युमुखी पडली. तपासणी अधिकारी कित्येक वर्षे ज्याचा आग्रह धरीत होते, तो सर्व डब्यांना लागू पडणारा स्वयंचलित ब्रेक त्याच वर्षी कायद्याने अनिवार्य झाला.

रस्त्यावरील मोटारींना गाल्टनचा धडा मिळण्यास आणखी काळ लागला. चाक जखडू न देणारी योजना प्रथम विमानांत रूढ झाली. बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक योजना मर्सिडीज-बेंझ मोटारीवर आली ती १९७८ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. तरीही वर्गाचा नियम कोणत्याही यंत्राने टळत नाही. घर्षणगुणांक ०.७ धरल्यास ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे ५ मीटरांत थांबते, ६० ची सुमारे २० मीटरांत. ओल्या रस्त्यावर गुणांक ०.४ झाला तर हेच अंतर ३५ मीटर होते. शिवाय पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात ६० च्या वेगाने जवळजवळ १७ मीटर अंतर आधीच सरलेले असते.

दीडशे वर्षांच्या विलंबाचे कारण म्हणून अज्ञान पुढे करता येत नाही. मंद वेगावर सिद्ध झालेला नियम त्याच्या मर्यादेसह पुढे दिला गेला नाही, आणि ती मर्यादा ओलांडणारे वाहन येईपर्यंत कोणी तिची विचारपूस केली नाही. विज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने नियम कोणी शोधला याबरोबरच तो कोणत्या परिस्थितीत तपासला गेला, हेही प्रत्येक वेळी नोंदले पाहिजे.