तुटलेले कडियाळे

घोड्यांच्या शर्यती म्हटल्या की आपल्याकडे प्रथम जुगार आठवतो. पैजेच्या त्या गलबल्यात स्वाराचा हुन्नर कोणाच्या नजरेस पडत नाही. म्हणून आज आम्ही फ्रेड विंटर या इंग्रज जॉकीची हकीकत सांगणार आहोत.

१९२६ साली जन्मलेल्या विंटरने अडथळ्यांच्या ९२३ शर्यती जिंकल्या. ग्रँड नॅशनल ही दीर्घ व अवघड शर्यत त्याने १९५७ व १९६२ साली मारली. पण त्याची खरी कसोटी लागली ती १९६२ च्या जूनमध्ये, पॅरिसला. त्याच्या ‘मँडरिन’ घोड्याच्या तोंडातले कडियाळे शर्यतीच्या आरंभीच तुटले. आता लगाम असून नसल्यासारखा! मार्ग सुमारे चार मैलांचा, आणि वळणावळणांचा. विंटरने गुडघ्यांच्या दाबाने आणि अंगाच्या तोलाने घोडा वळविला. शेवटी घोड्याचा पाय दुखावला. तरीही थोडक्यात का होईना, शर्यत त्याचीच झाली.

१९६४ साली विंटर निवृत्त झाला. शर्यत सोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली त्याने नोकरी मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा लॅम्बोर्न गावी त्याने पागा घातली व तो ट्रेनर झाला. आमच्या मते खरा प्रश्न येथेच उभा राहतो. हाताला जे कळते, ते दुसऱ्याच्या हातात उतरविता येते काय? कित्येक वस्तादांची विद्या त्यांच्याबरोबरच संपते.

पहिल्याच हंगामात अमेरिकेहून ‘जे ट्रम्प’ हा घोडा आणि टॉमी स्मिथ हा त्याचा हौशी स्वार विंटरकडे आले. त्याने घोडा तयार केला, तसा स्वारही घडविला. १९६५ च्या ग्रँड नॅशनलमध्ये अखेरच्या धावेत स्मिथने चाबूक उचलला. घोड्याला ते रुचले नाही. स्मिथने तत्काळ चाबूक आवरला, केवळ हात व टाचा यांवर घोडा हाकला आणि पाऊण लांबीने तो जिंकला. पुढच्याच वर्षी विंटरच्या ‘अँग्लो’ने तीच शर्यत मारली.

१९७८ साली ‘मिडनाइट कोर्ट’ने गोल्ड कप जिंकला. ग्रँड नॅशनल, गोल्ड कप व चॅम्पियन हर्डल या तिन्ही मोठ्या शर्यती स्वार म्हणून आणि ट्रेनर म्हणूनही जिंकण्याचा मान त्यामुळे विंटरला लाभला. १९८७ साली घरात पडून तो जायबंदी झाला. पागा त्याच्या सहायकाने चालविली. २००४ साली त्याचे निधन झाले. मँडरिनवरचा तो पराक्रम लोक आजही सांगतात. आम्हांला मात्र स्मिथने वेळीच आवरलेला चाबूक अधिक मोलाचा वाटतो.