नळीच्या पोटावर लिहिलेले कुळ

छर्रा आणि गोळी दोन्ही चालवणारी जुनी शिकारी बंदूक वारशाने घरात आली, की तिचे कुळ बहुधा पाठीवर कोरलेल्या नावावरून ठरवले जाते. ते चूक आहे. खरे कुळ नळ्यांच्या पोटावरच्या ठशांत असते. जबलपूरच्या अधारतालमध्ये असा वारसा निघाला तर नवल नाही. जबलपूर ही जुनी छावणी, आणि मंडला, सिवनी, बालाघाटची जंगले हाताशी. त्या रानात एकाच फेरीत तितर उठे, सांबर आडवे जाई, अस्वल अंगावर येई. छर्रा अस्वलापुढे अपुरा आणि रायफल उडत्या पाखरावर निरुपयोगी. या अडचणीवर बंदूककारांनी तीन तोडगे काढले. इंग्रजी ‘केप गन’मध्ये शेजारी-शेजारी दोन नळ्या असतात, एक गुळगुळीत आणि दुसरी आटे पाडलेली. जर्मन ‘ड्रिलिंग’मध्ये नळ्या तीन, बहुधा वर छर्ऱ्याच्या दोन आणि खाली रायफलची एक. तिसरा तोडगा हिंदुस्थानात नोकरी केलेल्या जॉर्ज व्हिन्सेंट फॉसबेरी या लष्करी अधिकाऱ्याचा. त्याने १८८५ मध्ये पेटंट घेतले आणि हॉलंड अँड हॉलंडने ती बंदूक ‘पॅराडॉक्स’ नावाने बाजारात आणली. तिच्या नळीत आटे फक्त तोंडाजवळच्या काही इंचांत असतात, म्हणून एकाच नळीतून छर्राही जातो आणि गोळीही. तेव्हा पहिली परीक्षा नळ्या मोजण्याची, आणि आटे कुठून कुठपर्यंत आहेत हे पाहण्याची.

यावर कोणी म्हणेल, निर्मात्याचे नाव ठळक कोरलेले असताना एवढा खटाटोप कशाला? कारण ते नाव पुष्कळदा निर्मात्याचे नसून दुकानदाराचे असते. कलकत्त्याच्या मँटन, रॉडा यांसारख्या पेढ्या विलायतेत घडलेल्या बंदुका आपल्या नावाने विकत. जबलपूरची बंदूक म्हणजे इथल्याच कारखान्यातली, हा तर्कही टिकत नाही. १९०४ मध्ये स्थापन झालेली गन कॅरेज फॅक्टरी तोफांचे गाडे बनवण्यासाठी होती. ठसे मात्र विक्रेता उमटवत नाही. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती फुटते का हे तपासणारी संस्था ते उमटवते, आणि मालाची किंमत वाढवण्यात तिचा काही स्वार्थ नसतो. लंडनच्या बंदूककार मंडळाला सनद मिळाली १६३७ मध्ये, बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले आणि जर्मनीचा कायदा १८९१ चा. जर्मन नळीवर मुकुटाखाली ‘जी’ असेल तर आटे, ‘एस’ असेल तर छर्रा, ‘डब्ल्यू’ असेल तर तोंडाशी आवळलेली नळी. ‘१७२.२८’सारखा आकडा अनुक्रमांक वाटतो, पण तो नळीचे माप आहे: त्या व्यासाच्या इतक्या शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. असा आकडा साधारण ८ मिलीमीटरच्या रायफल नळीवर आढळतो. इंग्रजी नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ दिसले, तर ती तोंडाशी आवळलेली आणि १८७५ ते १८८७ च्या नियमांखाली तपासलेली नळी समजावी. गोळी चालवू नका, अशी ताकीदच ती देते.

ठसेही फसवू शकतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. बनावट ठसे असतात, आणि नळ्या बदलून पुन्हा तपासून घेतलेल्या असू शकतात. म्हणून एका ठशावर निकाल देऊ नये. ठसे, काडतुसाच्या घराची लांबी, नळ्यांवरचे आणि खटक्याच्या पट्टीवरचे अनुक्रमांक या सगळ्यांची साक्ष जुळली तरच कुळ पक्के मानावे. घासूनपुसून चकाकी आणण्याचा मोह टाळावा, कारण त्यात आधी पुसले जातात ते ठसेच. काळ्या दारूसाठी तपासलेल्या नळीत आजचे काडतूस घालणे तर जिवावरचे आहे.

जुनी म्हणजे निरुपद्रवी, म्हणून परवाना नको, ही समजूत सर्वांत घातक आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधली सूट नुसत्या वयाला मिळत नाही. दुरुस्ती करूनही हत्यार म्हणून वापरता येणार नाही, अशा जुनाट किंवा मोडक्या शस्त्रालाच ती आहे. वारसाकडे परवाना नसेल तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, आणि तपासणी जाणकार शस्त्रकाराच्या हातूनच व्हावी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आज शिकारीला बंदी आहे, त्यामुळे या बंदुकीचे मोल आता तिच्या माहितीतच आहे. ठशांची छायाचित्रे आणि मापांची नोंद वारशाच्या कागदांना जोडली, तरच पुढच्या पिढीला दंतकथेऐवजी पुरावा मिळेल.