समुद्रकांठचें भाड्याचें घर

ज्युबिलीच्या या स्मरणपुस्तकांत आपल्या देवळाच्या भिंती कोणीं बांधल्या व घंटा कोठून आली, याचा वृत्तांत वाचकांस इतरत्र मिळेलच. आम्हीं मात्र जाणूनबुजून दूरचा विषय घेतला आहे. यवतमाळ जिल्ह्यास समुद्र नाहीं. परंतु आपल्या धर्मग्रामांतील तरुण धामणगांवास गाडी धरून मुंबईस जातात, आणि त्यांपैकीं कित्येकांस पहिली खोली मिळते ती बोरिवलीच्या पश्चिमेस, गोराईच्या खाडीच्या आसपास. मुलें जेथें राहतात त्या जागेचा इतिहास आईबापांस ठाऊक असावा, एवढाच या लेखाचा हेतु.

गोराई नांवाच्या वस्त्या दोन आहेत, व लोक त्यांची नेहमीं गल्लत करितात. मूळ गोराई गांव खाडीपलीकडे आहे. मनोरी, गोराई, उत्तन या गांवांच्या पट्टीस जुन्या काळीं धारावी बेट म्हणत. शहरांतील प्रसिद्ध धारावी ती निराळी. 1534 सालच्या तहानें हा मुलूख गुजराथच्या बहादुरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेला, आणि त्यांच्या अमदानींत येथील कोळी व शेतकरी मंडळी ख्रिस्ती झाली. 1739 त चिमाजीअप्पांनीं पोर्तुगीजांस या प्रांतांतून घालविलें. 1774 त इंग्रजांनीं साष्टी घेतली. राज्यें बदललीं, पण या लोकांची बोली मराठीच्या कुळांतलीच राहिली आणि श्रद्धाहि टिकली. 1887 सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, मुंबई व साष्टीच्या या ख्रिस्ती समाजानें गोंवेकरांपासून आपली ओळख निराळी राहावी म्हणून 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. आपल्याकडे मुंबईचा ख्रिस्ती म्हणजे गोंवेकर असें सरसकट समजतात, तें बरोबर नाहीं. गोराईचें देऊळ पूर्वेकडून आलेल्या तीन मागी राजांच्या नांवें आहे. परक्या देशांत घर शोधीत फिरणाऱ्यांना याहून योग्य आश्रयदाते कोणते मिळावे?

या शांत किनाऱ्यावर 1989 सालीं एस्सेलवर्ल्ड नांवाचें क्रीडोद्यान उघडलें, व 1998 त त्याच्या शेजारीं वॉटर किंगडम हा पाण्याच्या खेळांचा बाग झाला. पाळणे, घसरगुंड्या, कृत्रिम लाटा! न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर हाच प्रकार फार पूर्वीं झाला होता. तेथें 1897 त स्टीपलचेस पार्क व 1903 त लूना पार्क निघालें, आणि 1920 त शहराची स्वस्त रेल्वे तेथवर पोंचल्यावर माणसांचा पूर लोटला. गोराईस ती गर्दी बोरिवलीच्या धक्क्यावरून नावेनें आली. नाहींतर भाईंदर-उत्तनवरून लांबचा वळसा. 2005 चा विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा झाल्यानंतर ही सारी पट्टीच पर्यटनासाठीं तशा क्षेत्रांत घालण्याची योजना निघाली. कोळी व शेतकरी यांनीं तिला निकरानें विरोध केला, व ती अमलांत आली नाहीं. एस्सेलवर्ल्ड स्वतः 2022 त बंद पडलें. पाळणे थांबले, मासळीच्या होड्या चालू आहेत.

दुसरी गोराई खाडीच्या अलीकडे. 1985 सालीं जागतिक बँकेच्या कर्जानें मुंबई नगरविकास प्रकल्प हातीं घेण्यांत आला. त्यांत गोराई व चारकोप येथें गरिबांना घरांऐवजीं नळ, गटार व रस्ता यांसह लहान लहान भूखंड देण्यांत आले. घर ज्यानें त्यानें ऐपतीप्रमाणें बांधावें. लोकांनीं तें बांधलें, मजले चढविले आणि वरच्या खोल्या भाड्यानें दिल्या. आपलीं मुलें बहुधा अशाच खोल्यांत चौघे-पांचजण मिळून राहतात.

आतां भाड्याविषयीं, कारण खरी अडचण येथेंच आहे. मुंबईंत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 त, भाड्यावर नियंत्रण आलें. 1947 च्या कायद्यानें जुन्या जागांचें प्रमाण भाडें 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याशीं बांधलें गेलें. त्यामुळें गरीब भाडेकरूस संरक्षण मिळालें हें खरें, परंतु मालकांनीं भाड्यासाठीं नवीं घरें बांधणें जवळजवळ सोडून दिलें, आणि पागडीची चाल बोकाळली. कायदा दयाळू असला म्हणजे घर मिळतेंच असें नाहीं, हें मुंबईनें चांगलेंच अनुभविलें. आपल्या वऱ्हाडांत 1949 चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा भाडे-नियंत्रण आदेश चालू होता, व मराठवाड्यांत हैदराबादचा 1954 चा कायदा. हे तिन्ही रद्द होऊन 31 मार्च 2000 पासून सर्व राज्यास एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. म्हणून यवतमाळचा भाडेकरू व गोराईचा भाडेकरू आज एकाच कायद्याखालीं आहेत.

आपल्या धर्मग्रामांतील एका मुलाची अनामत रक्कम तिकडे बुडाली. करार तोंडी होता. दलाल 'सगळें घरचेंच आहे' म्हणाला, आणि मुलानें विश्वास ठेविला. बापानें त्या रकमेसाठीं कापूस विकला होता. या कायद्याचें 55 वें कलम त्यास कोणीं सांगितलें असतें तर! करार लेखी व नोंदलेला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदलेला करार नसेल तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें खरें धरिलें जातें, मालकानें उलट सिद्ध करीपर्यंत.

भाड्यानें राहण्यांत कमीपणा मानणाऱ्यांनीं प्रेषितांचीं कृत्यें या ग्रंथाचा शेवट वाचावा. संत पौल रोम शहरांत दोन वर्षें स्वतः भाड्यानें घेतलेल्या घरांत राहिला, व तेथेंच येणाऱ्याजाणाऱ्यांस सुवार्ता सांगितली. प्रेषिताच्या नांवावर तेथें घर नव्हतें.

मुंबईस निघणारे तरुण आमच्याकडे ओळखपत्र मागावयास येतात. तें आम्ही आनंदानें देतों. खोली ठरली म्हणजे नोंदलेल्या कराराची एक प्रत आईबापांजवळ पाठवावी, अनामतीची पावती निराळी घ्यावी, आणि मिस्साला कोणत्या देवळांत जातां तें आम्हांस कळवावें. तेथील धर्मगुरूंस आम्ही स्वतः लिहूं.