लोखंडाच्या डोंगरावरील वस्ती

भिलाईचा इतिहास २ फेब्रुवारी १९५५ या तारखेपासून सांगण्याची प्रथा पडली आहे. त्या दिवशी भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आणि दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या सपाट मुलुखात आखीव सेक्टरांचे एक नवे शहर उभे राहिले. हा इतिहास खोटा नाही, पण अर्धा आहे. कारखान्याला लागणारे खनिज ज्या डोंगरातून येत होते तो डोंगर, आणि तो हातांनी फोडणाऱ्या माणसांची वस्ती, ही या कथनात ‘कच्चा माल’ एवढ्या दोन शब्दांत आटोपली जातात. भिलाईच्या दक्षिणेस सुमारे नव्वद किलोमीटरांवर असलेल्या दल्ली-राजहराची हकीकत त्या दोन शब्दांच्या आड गेलेली आहे. ती पाहू लागले म्हणजे ‘दुर्गम’ आणि ‘मागास’ ही विशेषणे आपण किती सैलपणे वापरतो, तेही ध्यानात येते.

मुळात हा डोंगर अज्ञात असा कधी नव्हताच. ज्या जमीनदारीत तो मोडत असे तिचे नाव डौंडी-लोहारा. नावातच लोखंड आहे. मध्य प्रांतातील डोंगराळ भागांत अगरिया लोक मातीच्या लहान भट्ट्यांत कोळसा आणि दगड घालून, पायांनी भाते चालवून लोखंड गाळीत असत. व्हेरियर एल्विन यांचा या जमातीवरील ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हा धंदा अखेरच्या घटका मोजीत होता. भट्टीवरचा कर, कोळशासाठी लाकूड तोडण्यावर जंगलखात्याने घातलेले निर्बंध आणि बाजारात आलेले स्वस्त परदेशी लोखंड, या तिन्हींनी मिळून तो मारला. म्हणजे ज्या माणसांना पुढे ‘अकुशल मजूर’ असे नाव मिळाले, त्यांच्याच शेजारपाजारच्या जमातींना लोखंड गाळण्याची विद्या अवगत होती. मागासलेपण ही येथील आदिम अवस्था नव्हे. ती मागाहून आलेली आहे.

भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये या सुमारे वीस मैल लांबीच्या लोहमय रांगांची नोंद केली. पुढची कथा आपल्या चांदा जिल्ह्यातून सुरू होते. जमशेटजी टाटांचे लक्ष प्रथम चांद्याच्या लोहाऱ्याकडे होते. परंतु वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या कामाचा नाही असे ठरले आणि तो बेत बारगळला. शोध आवरता घेत असल्याचे सांगण्यासाठी दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात गेले असता, वाट पाहताना समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तेथील नकाशावर दुर्ग भागातील लोखंडाची खूण त्यांना दिसली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ते आणि सी. एम. वेल्ड हे अमेरिकन तज्ज्ञ दल्ली-राजहराच्या टेकड्यांवर चढले, तेव्हा पायांखालचा दगड धातूसारखा वाजत होता म्हणतात. तरीही जवळ पाणी नाही, कोळसा नाही, म्हणून कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात शतकभर राहिलेला आणि पुढे नागपूरच्याच कचेरीतून हाकला गेलेला हा मुलूख मराठी वाचकाने सर्वस्वी परका मानण्याचे कारण नाही. नागपूरच्या नकाशावर तो होता. मात्र त्या नकाशावर माणसे नव्हती.

पन्नासएक वर्षांनी भिलाईसाठी रेल्वेमार्ग या डोंगरापर्यंत पोचला. कारखान्याच्या भाषेत अशा खाणीला ‘कॅप्टिव्ह माइन्स’ म्हणतात. शब्द तांत्रिक आहे, एकाच कारखान्याच्या गरजेला बांधलेली खाण एवढाच त्याचा अर्थ. पण भाषेच्या अभ्यासकाला तो थबकवतो.

राजहराच्या यंत्रचलित खाणीलगत पक्क्या क्वार्टर्सची, विजेच्या दिव्यांची, इस्पितळाची वसाहत झाली. ती कारखान्याच्या कायम नोकरांची. दल्लीच्या बाजूला खनिज हातांनी काढले जाई, आणि ते काढणारे हजारो लोक ठेकेदारांकडे होते. पहारीने दगड सुटा करायचा, घणाने फोडायचा, टोपलीत भरून डोक्यावरून वाहायचा आणि ट्रक भरायचा, असे हे काम. त्यात स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. त्यांना तिकडे ‘रेजा’ म्हणतात; नवरा-बायकोच्या जोडीनेच काम चाले. आसपासच्या खेड्यांतील गोंड, हलबा आणि इतर शेतमजूर, भाताच्या एका पिकावर वर्ष निघत नाही म्हणून येथे आले. दिवसभराच्या श्रमाला तीन-चार रुपये मिळत. बांबू, गवत आणि तांबडी माती यांच्या झोपड्या. पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारे तांबडे पाणी ओढ्यांना मिळे आणि खालच्या शेतांत गाळ होऊन बसे. दोन्ही वस्त्या एकाच डोंगराच्या, पण एकीतून दुसरीत जाण्याची वाट नव्हती. भिलाई नव्वद किलोमीटरांवर होती आणि खनिज तेथे रोज पोचत होते. दुर्गम होती ती पलीकडच्या अंगणातली वसाहत.

हे अंतर एकदा रुपयांत मोजले गेले. १९७७ च्या आरंभी बोनसचा जो करार झाला, त्यात कायम कामगारांना ३०८ रुपये आणि ठेक्यावरच्यांना ७० रुपये असे ठरले. काम तेच, दगड तोच. ठेक्याचे कामगार प्रस्थापित संघटना सोडून बाहेर पडले आणि दानीटोल्याच्या खाणीवर काम केलेल्या, आणीबाणीचा तुरुंगवास भोगून आलेल्या शंकर गुहा नियोगींना त्यांनी बोलावून आणले. छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ असा जन्मला. त्याच्या पहिल्या मागण्यांतील एक मागणी मला त्या वस्तीचा सर्वांत बोलका दस्तऐवज वाटते. पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारायला बांबू-बल्ल्यांसाठी शंभर रुपये मिळावेत, एवढीच ती होती. देशातील पोलादाच्या एका प्रचंड कारखान्याचे खनिज पुरवणारी माणसे छपराच्या बांबूंसाठी संप करीत होती. तडजोड झाली, ठेकेदारांनी ती मोडली, २ जूनच्या रात्री नियोगींना अटक झाली आणि त्या रात्री व दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारात अकरा माणसे मेली. मृतांत अनुसूयाबाई नावाची कामगार स्त्री होती आणि सुदामा नावाचा मुलगा होता.

नियोगींविषयी नंतर पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. अनिल सदगोपाल व श्यामबहादुर ‘नम्र’ यांनी संपादित केलेला ‘संघर्ष और निर्माण’ हा हिंदी ग्रंथ तर अभ्यासकाला टाळता येणार नाही. परंतु चरित्रनायकाच्या झगझगीत प्रकाशात वस्ती पुन्हा अंधुक होते, हा अशा लेखनाचा नेहमीचा दोष आहे. दल्लीने जे केले त्यातील बरेचसे निनावी आहे. दारूत जाणारी मजुरी घरात राहावी म्हणून पुढाकार घेतला तो स्त्रियांनी. १९७९ मध्ये संघाच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात योग्य उपचारांअभावी गेल्या. त्या शोकातून स्वतःचे रुग्णालय हवे असा निश्चय झाला. प्रथम एक दवाखाना निघाला आणि ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, पंधरा खाटांचे शहीद रुग्णालय सुरू झाले. पैसा कामगारांचा होता, विटा वाहणारे हातही त्यांचेच. बिनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना, पुण्यब्रत गुण हे डॉक्टर बाहेरून आले. मात्र रुग्णालयाचे रोजचे पुष्कळसे काम खाणीतल्या माणसांनी शिकून घेतले.

साहित्याच्या विद्यार्थ्याने आणखी एका गोष्टीकडे पाहावे. या वस्तीला स्वतःचा भूतकाळ हवा होता. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात सावकाराचे धान्य भुकेल्यांना वाटले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी झाली. हे नाव लोकस्मरणातून पुसट होत चालले होते. ते पुन्हा सार्वजनिक झाले त्यात खाणकामगारांच्या संघटनेचा वाटा मोठा आहे. १९७९ पासून ती त्यांचा स्मृतिदिन पाळू लागली. फागूराम यादव यांच्यासारखा खाणीतला माणूस छत्तीसगढीत गाणी रचू लागला. आपल्याकडे अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी गिरणगावात जे केले, त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे. फरक इतकाच, की येथे ऐकणारा वर्ग नुकताच शेतावरून डोंगरावर आलेला होता आणि त्याची भाषा शाळेत शिकवली जात नव्हती.

यंत्रांचा प्रश्न मात्र सुटला नाही. ५ एप्रिल १९७८ रोजी बैलाडिल्यात, किरंदुलला गोळीबार झाला होता. तेथे यंत्रांनी मजुरांना, त्यातही रेजांना, कसे उठवले हे दल्लीने पाहिले होते. म्हणून संघाने यंत्रांना सरसकट विरोध न करता अर्धयांत्रिकीकरणाची योजना मांडली: जेथे हात पुरतात तेथे हात, जेथे पुरत नाहीत तेथे यंत्र. ही भोळी कल्पना आहे असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. मला ती हिशेबी वाटते. तिच्यात मजुरीचा हिशेब होता, बाईच्या कामाचाही होता. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत नियोगींची झोपेत हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाउस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन सोळा जण मरण पावले. हत्येच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली आणि उद्योजक आरोपींची सुटका कायम राहिली. या आघातांनंतरच्या वर्षांत यंत्रे डोंगरावर चढली आणि टोपलीची गरज ओसरत गेली.

आता दल्लीचे चांगले खनिजही संपत आले आहे. कारखान्याची नजर अबूझमाडच्या कडेच्या रावघाटाकडे वळली असून त्यासाठी दल्ली-राजहरापासून नवा लोहमार्ग टाकण्यात आला. २०२२ मध्ये त्यावरून अंतागडपर्यंत प्रवासी गाडी धावू लागली. त्याच अबूझमाडच्या पश्चिमेला, इंद्रावतीच्या अलीकडे, आपला गडचिरोली जिल्हा आहे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगरही लोखंडाचाच. माडिया लोक तेथे ठाकूरदेवाची यात्रा भरवतात आणि गेली काही वर्षे त्याच डोंगरावरून खनिजाचे ट्रक उतरत आहेत. विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या १९९२ च्या कादंबरीने माडियांचे जग मराठी वाचकापुढे आणले, तेव्हा त्या जगात खाण आलेली नव्हती. ती आल्यानंतरच्या झोपड्यांची, मजुरीची आणि पाण्याची नोंद मराठीत अजून व्हायची आहे.