परळ ते वागाडुगू

परक्या गावी घर करून राहणाऱ्यास एक गोष्ट लवकर उमजते. आपल्या गाठीशी विद्या आहे, हातांत हुन्नर आहे, एवढ्याने भागत नाही. ज्यांच्या दारी आपण ती विद्या घेऊन आलो, त्यांनी आपणांस घरात घ्यावे लागते. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत हा अनुभव अनेकांस आला असेल आणि त्याचा वृत्तांत या स्मरणिकेच्या इतर पानांवर वाचकांस मिळेलच. आम्ही येथे अशाच एका प्रवासाचा, परंतु माणसांपेक्षा विद्येच्या प्रवासाचा इतिहास सांगणार आहोत. रोगप्रतिबंधक लशीची विद्या परदेशांतून मुंबईस आली, महाराष्ट्रात रुजली आणि शतकानंतर आफ्रिकेच्या वाळवंटाकाठी पोहोचली. या प्रवासात विज्ञान जितके महत्त्वाचे, तितकाच महत्त्वाचा विश्वासही ठरला.

ओदेसाहून भायखळ्यास

प्लेगाच्या साथीत गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याच्या आठवणी आपल्यापैकी कित्येकांनी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात हा रोग प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. शहर रिकामे होऊ लागले. अशा वेळी सरकारने कलकत्त्याच्या बाजूस पटकीच्या लशीचे काम करीत असलेल्या वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञास मुंबईस पाचारण केले.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओदेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. रशियन साम्राज्यात ज्यूंना विद्यापीठात वर चढण्यास वाव नव्हता. म्हणून ते देश सोडून निघाले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रथम ग्रंथपालाचा मदतनीस म्हणून रुजू झाले. पटकीची लस त्यांनी तेथेच तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती स्वतःस टोचून घेतली. पुढल्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

मुंबईत त्यांस भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक पडवी आणि मोजके मदतनीस मिळाले. पॅरिसची विद्या आणि आपल्या घरचा एक पदार्थ यांची गाठ तेथे पडली. प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी हाफकिन मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांस धरून जंतूंचे पुंजके झुंबराच्या लोलकांप्रमाणे खाली लोंबत वाढत. हे जंतू उष्णतेने मारून लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा सुमारे दीडशे कैद्यांनी ती स्वेच्छेने घेतली आणि न घेतलेल्यांच्या मानाने त्यांच्यात रोग फारच कमी झाला. अर्थात, कैद्याच्या 'स्वेच्छेस' कितपत अर्थ असतो, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. आज तो विचारल्यावाचून राहवत नाही.

औषध होते, विश्वास नव्हता

कारण त्याच वर्षी, मुंबईपासून शंभर मैलांवर, या प्रश्नाने रक्त सांडले. पुण्यात प्लेग-प्रतिबंधाच्या नावाखाली सोजीर घरांत घुसले, देवघरे तुडविली गेली, स्त्रियांची तपासणी झाली. उपाय कदाचित शास्त्राला धरून असतील, परंतु ज्यांच्यासाठी ते योजिले त्यांस कोणी काही विचारले नव्हते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याजवर गोळी झाडली. त्याच साथीत, तत्पूर्वी तीनच महिने, सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च रोजी देह ठेवला. एकाच शहरात, एकाच रोगापायी घडलेल्या या दोन घटना आम्हांस शेजारी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. सावित्रीबाई रुग्णांच्या घरच्या होत्या आणि रँड त्यांचा कोणीही नव्हता.

हाफकिन यांच्या वाट्यास याहून निराळे दुर्दैव आले. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तेथून लक्षावधी मात्रा देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांस लस टोचली गेली. त्यांपैकी एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन पदावरून दूर झाले. बाटली गावात उघडताना खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न झाल्याने विषबाधा झाली असावी, हे त्यांच्या बाजूने मांडले गेले. सर रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिले, तेव्हा कोठे १९०७ मध्ये त्यांच्यावरील कलंक पुसला गेला. ते हिंदुस्थानात परत आले, पण कलकत्त्यास. परळची प्रयोगशाळा पुन्हा त्यांच्या हाती आली नाही. तिला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले आणि १९३० मध्ये लोझान येथे, परक्याच भूमीवर, त्यांचे निधन झाले. जन्मभूमीने नाकारलेला हा मनुष्य परळला मात्र आपले नाव देऊन गेला.

घोड्यांची वाट

परळच्या या संस्थेत पुढे लशींबरोबर प्रतिविषेही होऊ लागली. त्यांकरिता घोडे लागत, कारण घोड्यास विषाची अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तात तयार होणारा प्रतिकारक द्रव, म्हणजे सीरम, वेगळा काढावयाचा असे. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या तबेल्यातील शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे या कामासाठी हाफकिन संस्थेकडे जात. घोडे आपले, तर द्रवही आपणच का काढू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये हडपसर येथे सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना केली. धनुर्वाताचे प्रतिविष हे तिच्या आरंभीच्या उत्पादनांपैकी होते. ज्या धनुर्वाताने हाफकिन यांची कारकीर्द मोडली, त्याच्याशीच या नव्या संस्थेची गाठ प्रथम पडली. पुढे आफ्रिकेच्या कामी त्याचाच उपयोग व्हावयाचा होता.

आधी विचारले, मग केले

सहाराच्या दक्षिणेस, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, मेंदूज्वराचा पट्टा पसरला आहे. मेंदूच्या आवरणांस सूज आणणाऱ्या या जंतुजन्य रोगाचा पट्टा लापेसोनी या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी १९६३ मध्ये नकाशावर आखून दाखविला. डिसेंबरापासून कोरडा, धुळीचा हरमटान वारा वाहू लागला, की साथ येते आणि पावसाबरोबर जाते. रोगी दगावला नाही, तरी पुष्कळदा बहिरा होतो. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार मृत्यू पावले. त्यांतील बहुतांश रोग जंतूंच्या 'अ' गटाने झाला होता.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही अमेरिकन संस्था यांनी गेट्स फाउंडेशनच्या सात कोटी डॉलरांच्या साह्याने या रोगाच्या लशीचा प्रकल्प हाती घेतला. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. मार्क लाफोर्स यांनी आरंभीच आफ्रिकी देशांच्या आरोग्याधिकाऱ्यांस विचारले, की तुम्हांस कशी लस हवी ? उत्तर स्पष्ट मिळाले. एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरवर गेली, तर ती आमच्या उपयोगाची नाही. १८९७ साली पुण्यात न विचारलेला प्रश्न येथे प्रथम विचारला गेला आणि पुढील सारी आखणी त्या उत्तराभोवती झाली. आमच्या मते या कथेचे मर्म येथेच आहे.

या किमतीत पाश्चात्त्य देशांतील मोठे कारखानदार तयार होईनात. तेव्हा एकेक भाग एकेका ठिकाणाहून आणून काम उभे करण्यात आले. जंतूवरील शर्करेचे आवरण ॲमस्टरडॅमच्या सिंको बायो पार्टनर्स या कंपनीकडून आले. ते प्रथिनास जोडण्याची सोपी व स्वस्त रीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील कार्ल फ्राश आणि चे-हुंग रॉबर्ट ली या शास्त्रज्ञांनी शोधली होती. प्रथिन पुण्याचे होते आणि कारखानाही पुण्याचा. ही जोडणी आवश्यक होती, कारण नुसत्या शर्करेची लस लहान मुलांस फारसे संरक्षण देत नाही आणि तिचा प्रभावही लवकर ओसरतो. प्रथिनाची जोड मिळाली, की शरीर ती ओळख दीर्घकाळ लक्षात ठेवते. इतकेच नव्हे, तर निरोगी माणसांच्या घशात वसणारे जंतूही हटतात आणि लस न घेतलेल्यांचेही रक्षण होते.

ते प्रथिन कोणते ? धनुर्वाताचे निर्विष केलेले विष ! मुल्कोवालात ज्याने १९ माणसे मारली, तेच शंभर वर्षांनी माणसाच्या ताब्यात येऊन आफ्रिकेतील मुलांच्या लशीचे वाहन झाले. या लशीमुळे तेथील लोकांची धनुर्वाताविरुद्धची शक्तीही वाढली, हे पुढे अभ्यासांत आढळले. हाफकिन यांचा आत्मा कोठे असेल, तर यावर तो खचित स्मित करीत असेल.

भारतात तसेच माली, गांबिया, सेनेगल इत्यादी देशांत चाचण्या झाल्या. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू येथे 'मेनआफ्रिव्हॅक' या लशीची पहिली मोहीम सुरू झाली. तिची किंमत अर्ध्या डॉलरच्या आतच राहिली.

उन्हाचा बर्फ

लस तयार झाली, तरी ती खेड्यात पोहोचवावयाची कशी ? लशी सामान्यतः दोन ते आठ अंश तापमानात ठेवाव्या लागतात आणि जेथे वीज नाही, तेथे रॉकेलवर चालणारी शीतकपाटे धूर ओकीत कशीबशी चालत. आरोग्याचा प्रश्न अशा रीतीने इंधनाचा आणि पर्यावरणाचा प्रश्न होऊन बसतो. येथेही उत्तर अनेक देशांनी मिळून शोधले. २००१ च्या सुमारास डेन्मार्कची तंत्रविज्ञान संस्था, ग्रीनपीस, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, जर्मन साह्य संस्था आणि इतर काही यांनी 'सोलरचिल' हा उपक्रम आरंभिला. सूर्यकिरणांपासून मिळालेली वीज शिशाच्या बॅटरीत न साठविता तिने कपाटातच बर्फ करावा आणि रात्री त्या बर्फाने लस थंड राखावी, अशी ही साधी युक्ती. शीतक म्हणूनही ओझोनच्या थरास किंवा हवामानास घातक असे वायू न वापरता हायड्रोकार्बन वापरले. सेनेगल, इंडोनेशिया आणि क्यूबा येथे त्याची परीक्षा झाली.

त्यापूर्वीच, १९९६ पासून, पोलिओच्या लशीच्या कुपीवर उष्णतेने काळवंडणारी एक लहानशी खूण दिसू लागली होती. तिच्याकडे पाहून खेड्यातील परिचारिकेसही लस वापरण्याजोगी आहे की नाही, हे कळे. मेनआफ्रिव्हॅकने आणखी एक पाऊल टाकले. ती चाळीस अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस टिकते, हे सिद्ध झाल्यावर नोव्हेंबर २०१२ मध्ये बेनिन देशातील बानिकोआरा भागात ती या नव्या पद्धतीने नेण्यात आली आणि रोज नवा बर्फ वाहून नेण्याचे ओझे टळले. सर्वांत स्वच्छ इंधन म्हणजे जे जाळावेच लागत नाही ते, हे येथे प्रत्ययास आले.

फलित आणि एक खंत

पस्तीस कोटींवर लोकांना ही लस मिळाली आहे आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'अ' गटाचा एकही रुग्ण निश्चित झालेला नाही. इतर गट मात्र डोके वर काढू लागले. त्यांकरिता पुण्यातच 'पाथ'च्या सहकार्याने आणि ब्रिटनच्या साह्याने पाच गटांवरची नवी लस तयार झाली. जुलै २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि मार्च २०२४ मध्ये नायजेरियात ती प्रथम टोचली गेली.

तथापि, इतिहास लिहिताना उजळ बाजूच तेवढी मांडणे बरे नव्हे. २०२१ च्या वसंतात कोविडच्या दुसऱ्या लाटेने भारतात हाहाकार उडाला, तेव्हा पुण्यात तयार होणाऱ्या कोविड लशीची निर्यात थांबली. ती पुन्हा सुरू होण्यास कित्येक महिने लागले. घरी आग लागली असता शेजाऱ्यास पाणी कोण देणार, हे खरे. परंतु त्याच पाण्यावर विसंबलेले आफ्रिकी देश तेवढे महिने कोरडे राहिले, हेही तितकेच खरे. पुढे आफ्रिकेने स्वतःचे कारखाने उभारण्याचा आग्रह धरला, तो या अनुभवातून अधिकच दृढ झाला. आम्हांस तो योग्यच वाटतो. परळात आलेली विद्या जर हडपसरास रुजू शकते, तर ती डाकारला का रुजू नये ? विद्या देणे म्हणजे नुसती कुपी देणे नव्हे. कुपी भरावयाची कशी, हेही द्यावे लागते.

ओदेसाच्या एका निर्वासिताने मुंबईच्या पडवीत तुपाच्या थेंबांवर आरंभिलेले काम आज सहाराच्या काठी मुलांचे रक्षण करीत आहे. मधल्या काळात शास्त्र पुष्कळ पुढे गेले. परंतु पुण्यात काय चुकले आणि वागाडुगूत काय साधले, यांतील भेद नुसता शास्त्राचा नाही. ज्याच्या दारी जावयाचे, त्याला आधी विचारावयाचे, त्याचे ऐकावयाचे आणि मग हातातील गाठोडे सोडावयाचे, एवढाच तो भेद आहे.

परप्रांतात पन्नास वर्षे नांदलेल्या मंडळास हे आम्ही निराळे सांगावयास नको. या शहराने आपणांस घरात घेतले, त्यामागेही असेच काही असले पाहिजे. पुढील पन्नास वर्षांतही ते आपल्या हातून सुटू नये, एवढीच इच्छा प्रकट करून आम्ही वाचकांचा निरोप घेतो.