पांच भागीदार आणि एक तुतारी

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यानें जातांना फिल्म इन्स्टिट्यूटचें आवार लागतें. ही संस्था १९६० सालीं निघाली. परंतु त्यापूर्वीं त्याच भूमीवर ‘प्रभात’ची तुतारी घुमत होती. नवा उद्योग काढण्याची हौस आज घरोघरच्या तरुणांस आहे. त्यांनीं आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनींही ह्या कंपनीचें चरित्र एकदां अवश्य पाहावें.

१ जून १९२९ रोजीं कोल्हापुरास ‘प्रभात’ची स्थापना झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत तयार झालेले. पांचवे सीतारामपंत कुलकर्णी, ज्यांनीं द्रव्यबळ पुरविलें. कला एकाजवळ, यंत्रज्ञान दुसऱ्याजवळ, पैसा तिसऱ्याजवळ, अशी ही जुळणी होती. गुरूचें छत्र सोडणें हा त्यांचा पहिला कठीण निर्णय.

दुसरा प्रसंग लवकरच आला. १९३१ सालीं मुंबईस ‘आलम आरा’ बोलूं लागला, आणि मूकपटांत मिळविलेलें कौशल्य एका रात्रींत जुनें ठरण्याची भीति उत्पन्न झाली. मंडळींनीं कच खाल्ली नाहीं. १९३२ सालीं त्यांनीं ‘अयोध्येचा राजा’ मराठींत व हिंदींतही काढला. नेपथ्य तेंच, श्रम बहुतांशीं तेच; बाजारपेठा मात्र दोन! १९३३ सालीं त्यांनीं कंपनीचें बिऱ्हाड मुंबईच्या अधिक जवळ, पुण्यास हलविलें.

प्रत्येक डाव साधलाच असें नाहीं. ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठीं जर्मनींत प्रक्रिया करविली. पण रंग मनाजोगे उतरले नाहींत आणि खर्च अंगावर आला. तरीहि कंपनी तगली. १९३४ सालीं ‘अमृतमंथन’ आला. १९३६ मध्यें दामले-फत्तेलाल ह्यांनीं दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला, आणि पुढल्याच वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला.

पैसा, यंत्र, जागा आणि अपयश, ह्या चारही परीक्षांत ‘प्रभात’ उतरली. पांचवी परीक्षा माणसांची होती. धायबर आधींच बाहेर पडले होते. १९४२ सालीं शांताराम गेले व त्यांनीं मुंबईस ‘राजकमल’ उभारलें. १९४५ मध्यें दामले निवर्तले. त्यानंतर पूर्वीचें तेज परत आलें नाहीं, आणि १९५० नंतर थोड्याच वर्षांत कारभार आटोपला.

दोष कोणाचा, हा प्रश्न येथें गौण आहे. कर्तीं माणसें मोठीं होतात, तशा त्यांच्या वाटाहि निराळ्या होऊं लागतात. हा सृष्टिक्रमच आहे. म्हणून भागीदारीच्या कागदावर नफ्याची वांटणी लिहितांना, उद्यां एकजण निघाला तर घर कसें चालावें, हेंहि त्याच बैठकींत ठरवावें. स्नेह ताजा असतो तेव्हांच हें बोलणें सोपें जातें. मनें दुरावल्यावर तेंच बोलणें भांडण ठरतें.